रिकर्शनने सगळे उपसंच काढताना या चुका टाळा

रिकर्शनमध्ये फंक्शन स्वतःलाच पुन्हा कॉल करतं, आणि प्रत्येक घटकापाशी दोनच वाटा असतात: घ्या किंवा सोडा. कोड जेमतेम दहा ओळींचा, तरी तो चुकतो. आधी [१, २, ३] वर चालवून आउटपुट नीट पाहा; आठ उपसंच यायला हवेत. चूक कुठे आहे हे बहुतेकदा त्यातच दिसतं.

आठही लिस्ट रिकाम्या आल्या? पायथन आणि जावामध्ये हे हमखास होतं. बेस केसमध्ये, म्हणजे घटक संपून रिकर्शन थांबतं तिथे, चालू लिस्ट थेट उत्तरात टाकली की फक्त तिचा रेफरन्स (पत्ता) साठवला जातो. म्हणजे आठही जागी एकच लिस्ट, आणि सगळे घटक पॉप झाल्यावर, म्हणजे काढून टाकल्यावर, ती रिकामी. उत्तरात टाकताना कॉपी करा. सी प्लस प्लसमध्ये व्हेक्टर पुश करताना कॉपी आपोआप होते. म्हणून तिथला चालता कोड पायथनमध्ये आणला की बिघडतो, आणि आपण उगाच रिकर्शनवर संशय घेतो.

लिस्ट [१, २, ३, ३] अशा फुगत गेल्या, तर पॉप राहिलाय. ‘घ्या’ची कॉल संपली की घातलेला घटक काढायचा, मगच ‘सोडा’ची कॉल.

इंडेक्स मर्यादेबाहेर गेल्याची एरर आली, तर बेस केसमध्ये रिटर्न आहे का बघा.

लूपवाल्या पद्धतीत ‘स्टार्ट’पासून पुढचा प्रत्येक घटक (त्याचा इंडेक्स ‘आय’) घेऊन पुढची कॉल करतात. तिथे [२, २] दिसलं, तर पुढच्या कॉलला आय अधिक एकऐवजी स्टार्ट अधिक एक गेलंय. नजरेतून सहज निसटणारी चूक आहे ही.

खरी गुंतागुंत इनपुटमध्येच घटक पुन्हा आले की होते. [१, २, २] चे वेगळे उपसंच सहाच, पण साधा कोड आठ देतो. उत्तरं सेटमध्ये (त्यात तेच उत्तर दोनदा राहत नाही) टाकून गाळता येतात, पण मला ती पळवाट वाटते; नको असलेली फांदी मुळातच टाळावी. आधी सॉर्ट करा आणि लूपमध्ये मागच्यासारखाच घटक आला तर वगळा. मात्र ‘आय शून्यापेक्षा मोठा’ अशी अट लिहिलीत, तर [२, २] आणि [१, २, २] दोन्ही गायब होतात. अट ‘आय स्टार्टपेक्षा मोठा’ अशीच हवी.

पायथनने रिकर्शनची मर्यादा ओलांडल्याची तक्रार केली, तर ती मर्यादा वाढवू नका. खोली, म्हणजे एकात एक चालू असलेल्या कॉल, घटकांच्या संख्येपेक्षा फार तर एकने जास्त असते. १००० च्या (पायथनच्या मूळ मर्यादेच्या) आसपास पोचलात म्हणजे इंडेक्स पुढे सरकतच नाहीये.

कोड बरोबर असूनही मशीन अडकलं, तर घटक मोजा. २० घटकांचे १०,४८,५७६ उपसंच होतात, ३० चे १०७ कोटींहून जास्त. सगळे साठवण्याऐवजी यील्ड वापरून एकेक द्या. त्याने मेमरी वाचेल, वेळ नाही.