परदेशातून मागवलेल्या वस्तूचा वाद कोर्टाबाहेर मिटवताना या चुका टाळा

मे महिन्यात ईबे या परदेशी विक्री-संकेतस्थळावरून मागवलेला फिश फाइंडर (पाण्याची खोली आणि मासे दाखवणारं यंत्र) खोक्यातच ठेवायचा आणि नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात उतरली की पहिल्यांदा चालू करायचा. किनाऱ्यावर पैसे बुडतात ते बहुतेक याच सवयीने. पावसाळी मासेमारीबंदी १ जूनपासून किमान ३१ जुलैपर्यंत असते, आणि ईबेची मनीबॅक हमी साधारण डिलिव्हरीपासून ३० दिवसांची. होडी शाकारलेली असतानाच मुदत निघून जाते. त्यामुळे पार्सल आलं त्याच दिवशी यंत्र १२ व्होल्टच्या बॅटरीवर लावा आणि ट्रान्सड्यूसर, म्हणजे त्याचा पाण्यात बुडवायचा भाग, पाण्याच्या बादलीत धरा. खोली बरोबर दाखवणार नाही, पण पडदा, जोडणी आणि तापमान वाचतो की नाही एवढं पडवीतही कळतं.

दुसरी सवय चाकरमान्यांची. पार्सल मुंबईतल्या भावाच्या पत्त्यावर उतरवायचं आणि गणपतीला येताना सोबत आणायला सांगायचं. मुदत मोजली जाते ती मुंबईच्या डिलिव्हरीपासून. पत्ता मुंबईचाच द्यायचा असेल तर भावाला तिथेच खोकं फोडून व्हिडिओ काढायला सांगा. चिकटपट्टी कापण्याआधी लेबल आणि ट्रॅकिंग नंबर स्पष्ट दिसला पाहिजे. अर्धं खोकं उघडल्यावर सुरू केलेल्या व्हिडिओला फारशी किंमत नसते.

विक्रेत्याशी गप्पा लांबवू नका

"दोन आठवडे थांबा, माल वाटेत आहे" हे उत्तर पुन्हा पुन्हा येऊ लागलं की समजा, समोरचा मुदत संपण्याची वाट बघतोय. पेपाल या ऑनलाइन पैसे भरण्याच्या सेवेवर वाद नोंदवायला पैसे भरल्यापासून १८० दिवस मिळतात. १ मार्चला पैसे भरले असतील तर २८ ऑगस्टपर्यंत. पण नुसता वाद नोंदवून काम होत नाही. त्यानंतर २० दिवसांत त्याचं रूपांतर 'क्लेम'मध्ये, म्हणजे पेपालनेच निकाल द्यावा अशा मागणीत, करावं लागतं, नाहीतर तो आपोआप बंद होतो आणि पुन्हा उघडत नाही. बहुतेकांची गाडी इथेच अडकते.

विक्रेता म्हणेल, "आधी वाद मागे घ्या, मग पैसे पाठवतो." घेऊ नका. पैसे खात्यात दिसेपर्यंत वाद उघडाच ठेवायचा. त्याने व्हॉट्सअॅपवर बोलायला बोलावलं तरी बोलणं वेबसाइटच्या चॅटमध्येच ठेवा, कारण निकाल देणारा तेवढंच वाचतो. मजकूर छोटा हवा: ऑर्डर क्रमांक, काय मागवलं, काय आलं, काय हवंय, कोणत्या तारखेपर्यंत. संताप चार ओळींत मावत नाही, आणि ते बरंच आहे.

वस्तू परत पाठवायला होकार देण्याआधी टपालखर्च विचारून घ्या. परत पाठवणीचा खर्च बऱ्याचदा खरेदीदारावरच पडतो. दोन हजारांचा मासेमारीचा रील चीनला परत करायला त्याहून जास्त लागू शकतात, आणि लिथियम बॅटरी असेल तर हवाई टपालाचे निर्बंध आडवे येतात. अशा वेळी अर्धा परतावा घेऊन विषय संपवणं कमीपणाचं नाही.

'डिलिव्हर्ड' दिसतंय, पण घरी काही आलं नाही

बनावट ट्रॅकिंगमध्ये पार्सल त्याच भागातल्या दुसऱ्याच कुणाला पोहोचलेलं दाखवतात. टपालाने आलेल्या वस्तूचा नंबर १३ खुणांचा असतो: दोन अक्षरं, नऊ आकडे, शेवटी देशाची दोन अक्षरं. तो घेऊन तुमच्या टपाल कार्यालयात जा आणि या नावावर, या पत्त्यावर बटवडा झालेला नाही, असं पोस्टमास्तरांकडून लेखी मागा. वाडीतला पोस्टमन ओळखीचा असतो. हा फायदा शहरातल्या माणसाला नाही. हरवलेल्या टपालाची चौकशी मात्र सहसा पाठवणाऱ्याने त्याच्या देशात लावायची असते, पाठवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. विक्रेत्याला तसं चॅटमध्ये लिहून सांगा.

बँकेच्या फॉर्मवर चुकीची खूण

कार्डाने भरलेले पैसे बँकेमार्फत परत मागायच्या फॉर्मवर घाईत लोक 'हा व्यवहार मी केलेला नाही' यावर खूण करतात. पण तो तुम्हीच केलाय. विक्रेता तुमचं नाव, पत्ता आणि ऑर्डर दाखवतो आणि खरी तक्रारसुद्धा फेटाळली जाते. रिझर्व्ह बँकेचा तीन कामकाजी दिवसांत कळवण्याचा नियम फसवून झालेल्या, तुमच्या परवानगीविना झालेल्या व्यवहारांसाठी आहे. इथे कारण 'वस्तू मिळाली नाही' किंवा 'वर्णनापेक्षा वेगळी वस्तू' असं हवं. कार्डाचे पैसे असे बँकेमार्फत विक्रेत्याकडून परत घेण्याला चार्जबॅक म्हणतात. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत त्याला साधारण १२० दिवस असतात, पण बँक कागद आधीच मागते. डेबिट कार्डवरही चार्जबॅक मागता येतो. थेट बँक खात्यात पाठवलेल्या पैशांना हा रस्ताच नाही.

पेपालचा क्लेम चालू असताना चार्जबॅक टाकू नका. पेपाल आपली केस बंद करतं. एका वेळी एकच दार.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फुकट. पण ती बँकेच्या वागण्याबद्दल असते, विक्रेत्याबद्दल नाही.

कस्टमवरचा राग विक्रेत्यावर

शुल्क कमी लागावं म्हणून 'गिफ्ट' लिहायला सांगणं अंगाशी येतं. पूर्ण शुल्क न भरता भेट म्हणून टपाल-कुरिअरने माल मागवण्यावर डिसेंबर २०१९ पासून बंदी आहे. राखी आणि जीवरक्षक औषधं तेवढी सुटतात. होमस्टेच्या शूटिंगसाठी ड्रोन मागवला तर तोही अडकेल, कारण फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. अशा मालाचे पैसे विक्रेत्याकडून मिळण्याची आशा धरू नका.

चुकीच्या दारात रांग

युरोपीय संघाचा ऑनलाइन तंटा-मंच २० जुलै २०२५ ला बंद झाला. जुन्या लेखांत त्याची लिंक अजून सापडते. ईकन्झ्युमर या आंतरराष्ट्रीय संकेतस्थळावर तक्रार जरूर नोंदवा, पण ती तपासयंत्रणांसाठी असते, तुमचे पैसे ते मिळवून देत नाहीत.

भारतातल्या ग्राहकांना नियमितपणे माल विकणाऱ्या परदेशी वेबसाइटलाही २०२० चे ई-कॉमर्स नियम लागू होतात. तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं असतं. दिलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत बोलता येतं. तिथे "धंद्यासाठी घेतलं" एवढंच बोलून थांबू नका. स्वतः राबून पोट भरण्यापुरता स्वयंरोजगार असेल, मग तो मच्छीमार असो की मालवणात एकट्याने स्कुबा चालवणारा, तर कायद्याने तोही ग्राहकच आहे.

पैसे परत आल्यावर बँकेचं स्टेटमेंट पाहा. डॉलरचा त्या दिवसाचा भाव लागतो आणि विदेशी चलनाचा अधिभार बहुतेक बँका परत करत नाहीत. तेवढ्या फरकासाठी विक्रेत्यावर नवा वाद टाकला तर तो टिकत नाही.