एनआयडब्ल्यू: ताई, सायटेशन्स किती लागतात?

दर दोन महिन्यांनी कुणीतरी पोस्टडॉक (पीएचडीनंतर तात्पुरत्या जागेवर संशोधन करणारा) मला व्हॉट्सअॅपवर विचारतो, ताई एनआयडब्ल्यू (नॅशनल इंटरेस्ट वेव्हर, अमेरिकेच्या ग्रीन कार्डाचा एक मार्ग) करू का, आणि लगेच पुढचा प्रश्न, सायटेशन्स (म्हणजे आपल्या पेपरांचा इतरांच्या पेपरांत आलेला उल्लेख) किती लागतात. दोन्हीची उत्तरं टाइप करून अंगठा दुखायला लागला म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. मी वकील नाही हं. मी पाणी गाळायच्या मेम्ब्रेनवर काम करणारी बाई आहे, २०१९ मध्ये स्वतःची केस स्वतः टाकली, आरएफई (आणखी पुरावे द्या अशी सरकारी नोटीस) खाल्ली, पास झाले, आणि पुढे त्याच कागदाच्या जोरावर ग्रीन कार्डाच्या शेवटच्या टप्प्याला पोचले. तेवढाच माझा अधिकार.

आधी हे काय असतं ते. ईबी-२ मध्ये (नोकरीवरच्या ग्रीन कार्डाची दुसरी श्रेणी) साधारणपणे कंपनी तुमच्यासाठी पर्म करते, म्हणजे जाहिराती द्यायच्या, लायक अमेरिकन माणूस मिळाला नाही हे लेबर डिपार्टमेंटला दाखवायचं, मग आय-१४० (इमिग्रेशन खात्याकडचा मुख्य अर्ज). पोस्टडॉकची जागा मुळात तात्पुरती, बॉसची ग्रँट कधी संपेल ते बॉसलाच माहीत नसतं, त्यामुळे युनिव्हर्सिटी बहुतेक वेळा पर्मच्या वाटेला जात नाही. नॅशनल इंटरेस्ट वेव्हर म्हणजे तुम्ही सरकारला म्हणता की माझं काम देशाच्या इतकं उपयोगाचं आहे की ती जॉब ऑफरची आणि पर्मची अट माफ करा. अर्जदार तुम्हीच, बॉसची सही लागत नाही, त्याला सांगितलंच पाहिजे असंही नाही.

आता कडू गोळी. पास झालं म्हणजे ग्रीन कार्ड आलं असं भारतात जन्मलेल्यांचं होत नाही. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,००० आणि एका देशाच्या वाट्याला ७ टक्के, आपली रांग केवढी ते तुम्हाला माहितीच आहे. डिसेंबर २०२५ च्या व्हिसा बुलेटिनमध्ये (कुठल्या तारखेपर्यंतची पाळी आली ते सांगणारं दर महिन्याचं सरकारी पत्रक) भारताची ईबी-२ ची तारीख मे २०१३ वर होती, म्हणजे २०१३ मध्ये ज्यांनी नंबर लावला त्यांची पाळी त्या वेळी येत होती. इथे देश म्हणजे जन्माचा देश, पासपोर्टचा नाही. बाबा मस्कतला किंवा दुबईला नोकरीला होते आणि तुमचा जन्म तिकडच्या हॉस्पिटलात झाला असेल तर आईला आत्ता फोन करून थँक्यू म्हणा, तुम्ही भारताच्या रांगेत नाही. नवरा किंवा बायको दुसऱ्या देशात जन्मलेली असेल तर त्यांच्या देशाच्या रांगेतूनही जाता येतं.

मग टाकायचं कशाला? तारखेसाठी. आय-१४० ज्या दिवशी तिकडे पोचतो ती तुमची प्रायॉरिटी डेट, आणि एकदा तो पास झाला की ती तारीख तुमची, पुढे तुम्ही ईबी-१ मध्ये (त्याच्या वरची पहिली श्रेणी) अर्ज केलात तरी हीच जुनी तारीख घेऊन जाता येते. त्याच डिसेंबरच्या बुलेटिनमध्ये ईबी-१ ची भारताची तारीख मार्च २०२२ होती. म्हणजे २०१९ ची तारीख ईबी-२ मध्ये शोभेची वस्तू आणि ईबी-१ मध्ये सोनं. शिवाय पास झालेल्या आय-१४० वर एच-१बी सहा वर्षांच्या पुढे तीन-तीन वर्षं वाढतो, आणि जोडीदार एच-४ वर घरी बसून कंटाळला असेल तर त्याला वर्क परमिट मागता येतं. म्हणून माझं म्हणणं, अजून दोन पेपर येऊ देत मग टाकू असं करत बसू नका. केस उभी राहण्याइतकी झाली की टाका, रांगेत नंबर लागू दे.

केस उभी राहते कशावर? ६ वर्षांपूर्वीचे सॅम्पल पीडीएफ वाचण्याआधी धनासर नावाचा निकाल वाचा, डिसेंबर २०१६ चा, फुकट मिळतो, अर्ध्या तासाचं काम. हा माणूस एरोस्पेसवाला, ध्वनीच्या कितीतरी पट वेगाने जाणाऱ्या हायपरसॉनिक वाहनांच्या प्रोपल्शनवर संशोधन करणारा. तीन गोष्टी त्यात ठरल्या: तुमच्या प्रस्तावित कामाला भरीव मोल आणि राष्ट्रीय पातळीचं महत्त्व हवं, ते काम पुढे न्यायला तुम्ही योग्य माणूस असायला हवं, आणि सगळा हिशोब मांडला तर पर्मची अट माफ करणं देशाच्या फायद्याचं हवं. गंमत बघा, त्याच्या संशोधनाला राष्ट्रीय महत्त्व आहे असं म्हटलं, पण तो विद्यार्थ्यांना इंजिनिअरिंग शिकवणार हे मात्र त्यात धरलं नाही, कारण एका वर्गातल्या शिकवण्याचा परिणाम देशभर पोचतो हे कागदावर नव्हतं. त्यामुळे तुमच्या अर्जाच्या मुख्य पत्रात मी विद्यार्थी घडवीन, मेंटॉरिंग करीन वगैरेला फार जागा देऊ नका.

सगळ्यात जास्त घाम त्या प्रस्तावित कामाच्या परिच्छेदावर गाळा. माझा पहिला ड्राफ्ट असा होता, मी जलशुद्धीकरणाच्या क्षेत्रात प्रगत पदार्थांवर संशोधन करणार आहे. नवऱ्याने वाचलं आणि म्हणाला, हे तर आमच्या कोथरूडचा आरओवाला पण लिहील. राग आला पण खरं होतं. मग चार रात्री बसून केलं ते असं: पिण्याच्या पाण्यातली पीफास नावाची न विघटणारी रसायनं, कमी दाबावर चालणाऱ्या आणि लहान गावांच्या प्लांटला परवडतील अशा मेम्ब्रेनने वेगळी काढायची पद्धत विकसित करणं, पुढच्या तीन वर्षांत अमुक प्रयोग, मग पायलट, मग अमुक प्रकारच्या प्लांटमध्ये चाचणी. आणि लगेच खाली हे देशाला का हवंय ते सरकारच्याच कागदांवरून: ईपीएने (तिथलं पर्यावरण खातं) २०१६ मध्ये दोन पीफाससाठी मिळून ७० पार्ट्स पर ट्रिलियनची आरोग्य सूचना दिलेली, फेब्रुवारी २०१९ मध्ये पीफास अॅक्शन प्लॅन आलेला, आणि आग विझवण्याच्या फोममुळे लष्करी तळांच्या आसपासचं भूजल दूषित झालेलं. आज लिहिलं असतं तर एप्रिल २०२४ मध्ये त्या दोन्ही रसायनांना प्रत्येकी ४ पार्ट्स पर ट्रिलियनची सक्तीची मर्यादा घातली ते पहिल्या ओळीत टाकलं असतं.

ह्यातली युक्ती तुमच्या विषयालाही लागू पडते. कॅन्सर वाईट आहे, बॅटरी महत्त्वाची आहे हे ऑफिसरला माहितीये. तुमच्या नेमक्या कामाचा धागा एखाद्या सरकारी धोरणाला, एनआयएच (आरोग्य संशोधन संस्था) किंवा डीओईच्या (ऊर्जा खातं) प्रोग्रॅमला, व्हाइट हाउसच्या क्रिटिकल अँड इमर्जिंग टेक्नॉलॉजीच्या यादीला बांधून दाखवा. जानेवारी २०२२ मध्ये स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) पीएचडीवाल्यांना सोयीची सूचना आली होती, पण १५ जानेवारी २०२५ च्या बदलानंतर डिग्री आणि प्रस्तावित काम ह्यांचा मेळ जास्त बारकाईने बघतात, तेव्हा पीएचडी पॉलिमरमध्ये आणि प्रस्तावित काम एआयमध्ये असलं काही करणार असाल तर मधला पूल तुम्हालाच बांधायचाय.

आता तो सायटेशन्सचा प्रश्न. आकडा कुठल्याही नियमात नाही. माझी तेव्हा १९० होती, ती पण सेल्फ सायटेशन्स काढून. आकड्याला संदर्भ द्या, त्याच वर्षीच्या त्याच विषयातल्या पेपरांमध्ये तुमचा पेपर वरच्या किती टक्क्यांत येतो ते क्लॅरिव्हेटच्या टेबलांवरून दाखवता येतं. त्याहून भारी म्हणजे तुमची पद्धत दुसऱ्यांनी खरंच वापरलीये अशी चार-पाच ठिकाणं शोधा, ते पान प्रिंट करा, ती ओळ पिवळ्या रंगाने हायलाइट करा. 'ह्यांच्या पद्धतीने आम्ही मेम्ब्रेन बनवलं' ही एक ओळ, नुसतं प्रस्तावनेत नाव आलेल्या वीस सायटेशन्सपेक्षा बोलकी. पीअर रिव्ह्यूचे ईमेल, ग्रँटमधलं तुमचं नाव, पेटंटचा अर्ज, सगळं चालतं.

शिफारसपत्रं मी सहा दिली, त्यातली चार मला कधी न भेटलेल्या लोकांची. अनोळखी माणसाला ईमेल टाकायची आपल्याला फार लाज वाटते, मला तर तीन दिवस सेंड दाबवेना, पण सायन्समधली माणसं ह्या बाबतीत दिलदार असतात, दहाला लिहिलं की तीन-चार हो म्हणतात. माझ्या बॉसने प्रेमाने पत्र लिहिलं की ती अतिशय मेहनती आणि नम्र आहे. सासूबाईंना दाखवायला छान, केसमध्ये शून्य उपयोग. पत्रात हवं काय, तर मी ह्या बाईला ओळखत नाही, तिच्या अमुक पेपरामुळे आमच्या प्लांटवर आम्ही अमुक बदल करून बघितला आणि हे दिसलं. माझं सगळ्यात दमदार पत्र प्रोफेसरचं नव्हतंच, एका पाणीपुरवठा खात्यातल्या इंजिनिअरचं होतं, दीड पानाचं.

धनासरच्या तिसऱ्या मुद्द्यावर, म्हणजे पर्मची अट का माफ करावी ह्यावर, फार पानं घालवू नका. पर्ममध्ये ठरावीक पदासाठी किमान पात्रता मोजतात, तुमचं काम एका पदात मावत नाही, ग्रँट बदलली तरी ते चालू राहणार, आणि उशीर झाला तर नुकसान कुणाचं, एवढं दोन पानांत येतं.

कागदांचं म्हणाल तर आय-१४०, त्यासोबत ईटीए-९०८९ चं (पर्मचा फॉर्म) अपेंडिक्स ए आणि फायनल डिटर्मिनेशनचं पान सही करून (हे दुसरं पान लोक हमखास विसरतात), डिग्र्या, भारतातली डिग्री असेल तर इव्हॅल्युएशन, आणि तुमचं मुख्य पत्र पुराव्यांच्या नंबरांसकट. एप्रिल २०२४ पासून फी ७१५ डॉलर आणि स्वतः अर्ज करणाऱ्याला वर असायलम प्रोग्रॅम फी ३०० डॉलर. प्रीमियम केलं (जादा फी भरून लवकर निकाल मागितला) तर ४५ कामाच्या दिवसांत काहीतरी उत्तर येतं, त्याची फी २८०५ होती ती मार्च २०२६ पासून २९६५ झाली. तारीख अर्ज पोचल्यावरच लागते, त्यामुळे आधी साधं टाकून पगार झाल्यावर प्रीमियम जोडलं तरी चालतं. आणि ऑक्टोबर २०२५ च्या शेवटापासून कागदी चेक घेत नाहीत, कार्डाचा किंवा बँक खात्याचा फॉर्म जोडावा लागतो. पाठवायच्या आदल्या रात्री फी आणि फॉर्मची एडिशन तारीख परत एकदा तपासा, ह्या दोन गोष्टींवरून अख्खा डबा परत येतो.

आरएफई आली तर रडू नका, मी रडले होते. उत्तराला जास्तीत जास्त ८४ दिवस मिळतात, वाढवून मिळत नाहीत, आणि उत्तर एकदाच द्यायचं, हप्त्याहप्त्याने नाही. माझी धनासरच्या दुसऱ्या मुद्द्यावर होती, म्हणजे काम महत्त्वाचं आहे पण तूच का. मी मधल्या काळातल्या नव्या सायटेशन्स, पायलटचा डेटा आणि एक नवं पत्र जोडलं. अर्ज टाकल्यानंतर मिळवलेली मोठी कामगिरी मात्र ते धरतीलच असं नाही, पात्रता अर्जाच्या दिवशीची बघतात, म्हणून जुन्याच कामाला बळ देणारं दाखवा.

आपल्याकडचा खास घोळ नावांचा. माझे पहिले चार पेपर माहेरच्या नावाने, पासपोर्टवर मधे नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव, एमएस्सीच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी, मग माझं, मग बाबांचं, आणि आईचं नाव सगळ्यात शेवटी. अमेरिकन ऑफिसरला ह्या तीन वेगळ्या बायका वाटतात. मॅरेज सर्टिफिकेट, एक साधं अॅफिडेव्हिट आणि कुठल्या कागदावर कुठलं नाव त्याचं एक पान, हे सुरुवातीलाच लावा.

जन्म दाखला आय-४८५ च्या (ग्रीन कार्डाचा शेवटचा अर्ज) वेळी लागतो पण कामाला आत्ता लागा. माझ्या दाखल्यावर नावच नव्हतं, नुसतं स्त्री आणि वडिलांचं नाव. भावाने नगरपालिकेत तीन खेपा मारल्या तेव्हा कुठे नाव चढलं. नोंदच सापडत नसेल तर नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला घ्या आणि आई-बाबा किंवा तुमचा जन्म माहीत असलेल्या वडीलधाऱ्या नातेवाइकांची दोन अॅफिडेव्हिट करून घ्या, मामा-मावशी ठणठणीत आहेत तोवर. मराठी दाखला असेल तर इंग्रजी भाषांतर आणि त्याखाली भाषांतर करणाऱ्याची, मला दोन्ही भाषा येतात आणि हे बरोबर आहे, अशी सही.

जे-१ (एक्स्चेंज व्हिसा) वाल्यांनो, दोन वर्षं मायदेशी राहायची अट तुमच्यावर असेल तर एनआयडब्ल्यूने ती जात नाही, वेव्हर हे नाव बघून लोक फसतात. डिसेंबर २०२४ मध्ये स्किल्स लिस्टमधून (ही अट कुठल्या देशांच्या लोकांना लागते त्याची यादी) भारत निघाला त्यामुळे बऱ्याच जणांची सुटका झाली, पण फुलब्राइटसारखा सरकारी पैसा घेतला असेल तर अट राहतेच. आणि एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) किंवा जे-१ वर असताना आय-१४० टाकलात की पुढच्या व्हिसा स्टॅम्पिंगला इथेच राहायचा इरादा आहे का हा प्रश्न येऊ शकतो. घरी लग्नकार्य असेल तर जाऊन या, मग टाका.

पास झाल्याची आय-७९७ नोटीस आली की स्कॅन करून तीन ठिकाणी ठेवा, कारण ईबी-१ए (ईबी-१ चाच एक प्रकार) टाकताना तीच जोडायचीये. मी २०२४ मध्ये टाकताना पत्राच्या पहिल्याच पानावर ठळक लिहिलं की ह्या जुन्या आय-१४० ची २०१९ ची प्रायॉरिटी डेट कायम ठेवा, आणि खाली नोटिशीची कॉपी. पास झाल्यावर नव्या नोटिशीवर कुठली तारीख छापलीये ते आधी बघा, अभिनंदनाचे फोन नंतर.