फोर-के मॉनिटर ३० हर्ट्झवर अडकलाय? नवी केबल घेण्याआधी या चुका टाळा

नवा २७ इंची फोर-के मॉनिटर जोडला, चित्र सुरेख दिसतंय, पण माउसचा बाण अडखळत सरकतोय. विंडो पकडून ओढली की ती हातामागून रेंगाळत येते. मग लोक मॉनिटरला शिव्या घालतात, नाहीतर ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकत बसतात. बहुतेक वेळा दोन्ही निर्दोष असतात. ६० ऐवजी ३० हर्ट्झ मिळत असतात, म्हणजे चित्र सेकंदाला ६० ऐवजी ३० वेळाच बदलत असतं, आणि अडचण मधल्या वाटेवर, म्हणजे हब, पोर्ट किंवा केबलमध्ये असते.

हिशेब सोपा आहे. ३८४० गुणिले २१६० म्हणजे सुमारे ८३ लाख पिक्सेल. प्रत्येकाला २४ बिट, तेही सेकंदाला ६० वेळा, म्हणजे जवळपास १२ गिगाबिट. एचडीएमआय १.४, म्हणजे एचडीएमआय जोडणीच्या जुन्या आवृत्तीमधून, चित्रासाठी प्रत्यक्षात मिळतात ८च्या आसपास. १२ मावत नाहीत म्हटल्यावर संगणक गुपचूप दर निम्म्यावर आणतो. स्क्रीनवर कसलीही सूचना येत नाही, मेख तिथेच आहे.

पहिली चूक: सेटिंग न बघताच खरेदी

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले आणि मग ॲडव्हान्स्ड डिस्प्ले उघडा. वर योग्य मॉनिटर निवडलाय ना ते पाहा. लॅपटॉपचीच स्क्रीन निवडलेली असते आणि आपण तिचा आकडा वाचत बसतो. मॅकवर हेच सिस्टीम सेटिंग्जमधल्या डिस्प्लेजमध्ये सापडेल. यादीत ६० असेल तर निवडा, काम झालं. १४४ हर्ट्झचे कितीतरी मॉनिटर केवळ हे कुणी बघितलं नाही म्हणून महिनोन्महिने ६० वर चालतात. यादीत ६० नसेलच, तरच पुढे वाचा.

दुसरी चूक: हबवरचा ‘फोर-के’ वाचून खूश होणं

माझ्या मते सगळ्यात मोठा गुन्हेगार हाच. यूएसबी-सी हबच्या (लॅपटॉपच्या एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणाऱ्या डबीच्या) खोक्यावर पुढे ठसठशीत ‘फोर-के’ असतं आणि मागच्या बाजूला, बारकोडशेजारी, बारीक अक्षरांत ‘३० हर्ट्झ’. महागाचा हब घेतला म्हणजे सुटलो असंही नाही. ॲपलच्या डिजिटल एव्ही मल्टिपोर्ट ॲडॅप्टरचं जुनं मॉडेल, ए१६२१, फोर-के ३० वरच देतं. ६० हवे तर ए२११९ लागतं. दिसायला दोन्ही सारखेच, त्यामुळे सेकंडहँड घेताना अंगावरचा मॉडेल नंबर वाचाच.

हे असं का होतं? यूएसबी-सीच्या पोर्टमध्ये वेगवान वाहिन्या चारच. हबला पेनड्राइव्ह, हार्डडिस्क यांसाठी यूएसबी ३ सुद्धा द्यायचं असलं की दोन तिकडे जातात आणि चित्राला दोनच उरतात. डिस्प्लेपोर्ट ही एचडीएमआयसारखीच चित्र नेणारी जोडणी, यूएसबी-सीमधून चित्र बहुधा तिच्याच रूपात जातं. तिच्या १.२ आवृत्तीच्या दोन वाहिन्यांवर साडेआठ गिगाबिटच्या थोडं वर मिळतं, म्हणजे पुन्हा ३०. हब आणि लॅपटॉप दोन्ही डिस्प्लेपोर्ट १.४ चे असतील तर १३च्या जवळ मिळतं आणि ६० जेमतेम बसतं. दोघांपैकी एक जरी जुना असला तरी मामला ३० वर.

हीच ओढाताण यूएसबी-सी मॉनिटरच्या आतही असते. बऱ्याच मॉनिटरांच्या मेनूत ‘हाय रिझोल्यूशन’ की ‘हाय डेटा स्पीड’ असा पर्याय सापडतो. पहिला निवडा. मॉनिटरच्या यूएसबी पोर्टांचा वेग घटेल, पण कीबोर्ड-माउसला त्याचं सोयरसुतक नसतं. हार्डडिस्क थेट लॅपटॉपला लावा.

तिसरी चूक: सगळं खापर केबलवर फोडणं

एचडीएमआय केबल घेताना ‘प्रीमियम हाय स्पीड’ हा शिक्का बघा, तो १८ गिगाबिटचा. ४८ साठी ‘अल्ट्रा हाय स्पीड’. पण पोर्टच १.४ चं असेल तर सोन्याची केबलही ६० देणार नाही. इंटेलच्या नवव्या पिढीपर्यंतच्या प्रोसेसरांचं अंगभूत ग्राफिक्स एचडीएमआयवर १.४ एवढंच देतं, कंपनीने वेगळी चिप बसवली असेल तर गोष्ट निराळी. त्याच मशीनवर डिस्प्लेपोर्ट १.२ असेल तर ६० मिळतात. डेस्कटॉपवाल्यांनी आधी मागे वाकून बघावं: ग्राफिक्स कार्ड घेतलंय आणि केबल मात्र मदरबोर्डच्या पोर्टात, हा प्रकार नेहमीचा.

डिस्प्लेपोर्टवरून एचडीएमआयकडे जाणारे स्वस्त कन्व्हर्टरही ३० वरच थांबतात. तिथे ‘ॲक्टिव्ह’ आणि ‘फोर-के ६०’ असं दोन्ही लिहिलेलं पाहिजे. शिवाय ते एकाच दिशेने चालतात, उलटे लावले तर स्क्रीन काळी.

मॉनिटरच्या मेनूत आणखी एक डोकावणी करा. काहींमध्ये एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टची आवृत्ती मुद्दाम जुनी ठेवलेली असते. टीव्हीला मॉनिटर केलं असेल तर प्रत्येक एचडीएमआय पोर्टसाठी ‘डीप कलर’सारखं सेटिंग वेगळं चालू करावं लागतं.

एक पळवाट सांगितली जाते: रंगांची माहिती कमी करून, म्हणजे ४:२:० निवडून, ६० मिळवा. सिनेमासाठी ठीक. पण पांढऱ्यावर लाल किंवा निळी बारीक अक्षरं अशी फिस्कटतात की एक्सेल उघडवत नाही.

योग्य हब येईपर्यंत काम अडलं असेल तर रिझोल्यूशन २५६० गुणिले १४४० वर आणा. त्याला साडेपाच गिगाबिटही लागत नाहीत, त्यामुळे जुन्या पोर्टवरूनही ६० मिळतात. अक्षरं किंचित मऊ दिसतील, माउस मात्र सरळ चालेल.