मसल कारचं टायमिंग आणि नॉकिंग: डिस्ट्रिब्युटरला हात लावण्याआधी या चुका टाळा

चढावर टॉप गिअरमध्ये पाय दाबला की बॉनेटखालून पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. हेच नॉकिंग किंवा पिंगिंग: सिलिंडरमधलं मिश्रण वेळेआधी, झटक्यात पेटतं. मग पाना निघतो, डिस्ट्रिब्युटरचा (प्लगना पाळीपाळीने स्पार्क वाटणाऱ्या भागाचा) बोल्ट ढिला होतो, टायमिंग (पिस्टन वर पोचण्याआधी क्रँकच्या किती अंशांवर स्पार्क पडतो ते) अंदाजाने थोडं मागे घेतलं जातं. आवाज बंद झाला म्हणून मालक खूश. पुढे गाडी ट्रॅफिकमध्ये तापू लागते, उठाव घेत नाही, आणि शिव्या रेडिएटरला बसतात. टायमिंग मागे घेतलं की पेट्रोल उशिरा जळतं आणि जास्त उष्णता एक्झॉस्टकडे जाते, हे त्या वेळी कुणाच्या डोक्यात येत नाही.

इथे डोळ्यांसमोर आहे शेव्हरोलेचं ३५० (घन इंच) स्मॉल-ब्लॉक, म्हणजे आकाराने लहान व्ही-८ इंजिन. ते १९६७ च्या कॅमॅरोत पहिल्यांदा आलं, मग नोव्हा, शेव्हेल वगैरे गाड्यांत सगळीकडे पसरलं. बिग-ब्लॉक नाही तर ती मसल कारच नव्हे, असं म्हणणारे म्हणोत. पण इतक्या वर्षांत सर्वांत जास्त हात फिरलेत ते याच इंजिनावर, आणि सर्वांत जास्त सुटे भाग इकडचे तिकडे झालेत तेही याच्यातच.

प्रत्येक ठोका म्हणजे नॉकिंग नव्हे

खरं नॉकिंग लोड आल्यावर ऐकू येतं आणि पाय सैल केला की लगेच थांबतं. आयडलिंगला एकसारखा येणारा टिकटिक आवाज बहुधा टॅपेटचा असतो, नाहीतर एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट फुंकत असतं. मॅनिफोल्डचा आवाज थंड इंजिनावर मोठा आणि गरम झाल्यावर कमी होतो. क्रँककडून येणारा खोल, जड ठोका हा कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा असू शकतो. त्यावर टायमिंगचा उपाय करत बसलात तर इंजिनच जाईल. शंका असेल तर टायमिंग ३ अंश मागे घ्या आणि त्याच चढावर, इंजिन तेवढंच गरम असताना पुन्हा चालवा. आवाजात काहीच फरक नाही? मग दुखणं दुसरीकडे आहे.

शून्याच्या खुणेवर आंधळा विश्वास

माझ्या मते सगळ्यांत महाग पडणारी चूक हीच. टायमिंग लाइट (पहिल्या प्लगच्या स्पार्कबरोबर लुकलुकणारा दिवा) दाखवतो ते फक्त बॅलन्सरवरची (क्रँकच्या पुढच्या टोकावरच्या चाकावरची) रेघ आणि कव्हरवरची अंशांची पट्टी समोरासमोर कधी येतात एवढंच. ती रेघ खरी आहे का, ते लाइटला काय कळणार? या इंजिनाच्या हार्मोनिक बॅलन्सरचं बाहेरचं कडं रबराने आतल्या भागाला चिकटवलेलं असतं. पन्नास वर्षांत रबर कडक होतं, सुटतं, कडं सरकतं आणि रेघही त्याच्याबरोबर जाते. भर म्हणून शेव्हरोलेने १९६९ च्या सुमारास रेघेची आणि पट्टीची जागा बदलली. कव्हर एका वर्षाचं आणि बॅलन्सर दुसऱ्या वर्षाचा, अशी जोडी जमली की रबर शाबूत असूनही शून्य खोटं ठरतं. खूण ८ अंशांनी चुकली तर लाइटवर ३४ दिसतं आणि इंजिनाला प्रत्यक्षात ४२ किंवा २६ मिळतं. ४२ ला ते नॉक करणार, २६ ला ते मरगळणार.

तपासणी सोपी आहे. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, सगळे प्लग काढा. पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या जागी पिस्टन-स्टॉप (पिस्टनला वर जाताना अडवणारा दांडा) बसवा. क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन हळूच हाताने फिरवा. स्टार्टर वापरायचा नाही, पिस्टनला भोक पडेल. पिस्टन अडला की पट्टीच्या शून्यासमोर बॅलन्सरवर खडूने खूण करा. मग उलट्या दिशेने फिरवून दुसरी खूण करा. दोन्हींच्या बरोबर मध्ये खरा टीडीसी, म्हणजे पिस्टन सगळ्यांत वर असतो ती जागा, खरं शून्य. जुनी रेघ तिथे नसेल तर कडं सरकलंय किंवा पट्टी चुकीची आहे. कडं सरकलेला बॅलन्सर बदलाच, नुसती नवी रेघ ओढून चालणार नाही. ते कडं पुन्हा सरकेल.

शून्य खरं निघालं की ३६ अंशांची खूणही करून ठेवा. ८ इंच व्यासाच्या बॅलन्सरवर ती शून्यापासून सुमारे २.५१ इंचांवर येते.

नळी लावूनच टायमिंग बघणं

डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूम डबीला (हलक्या लोडवर टायमिंग पुढे नेणाऱ्या) जाणारी नळी काढून तिचं तोंड बंद करा आणि मगच लाइट मारा. साधारण ३,००० आरपीएमला, डिस्ट्रिब्युटरच्या आतली, वेगाबरोबर टायमिंग पुढे नेणारी वजनं पूर्ण उघडल्यावर, जुन्या बिडाच्या हेडला एकूण ३४ ते ३६ अंश पुरतात. आयडलला १० आणि वजनांचे २४ असे ते जुळवता येतात. कानाने आयडल गोड लावायचं म्हणून कुणी सुरुवातच १६ वर ठेवली, तर वर जाऊन ४० होतात आणि फुल थ्रॉटलला इंजिन नॉक करतं. कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीवर कानाने टायमिंग लावणारे उस्ताद आपण पाहिलेत. तो कान इथे आयडल लावून देईल. ३,००० आरपीएमला किती अंश होतात ते लाइटच सांगेल.

नळी पुन्हा जोडली आणि आरपीएम वाढवून पाहिलं की आकडा ५० च्या आसपास जातो. घाबरू नका. हलक्या लोडवर मिश्रण सावकाश जळतं, त्याला तेवढा वेळ लागतोच. फुल थ्रॉटलला व्हॅक्यूम जवळजवळ शून्यावर येतो आणि ते जादा अंश आपोआप निघून जातात. म्हणून फुल थ्रॉटलचं नॉकिंग व्हॅक्यूमच्या डबीवर ढकलू नका. अर्ध्या पायावर, सपाट रस्त्याला पिंगिंग होत असेल तर मात्र पहिला संशय तिच्यावरच.

घाईत राहून जाणाऱ्या गोष्टी

पॉइंट असलेल्या डिस्ट्रिब्युटरवर आधी ड्वेल (पॉइंट किती अंश बंद राहतात ते) ३० अंशांवर आणा, मग टायमिंग. उलट क्रमाने केलंत तर ड्वेल हलवताच टायमिंगही हलतं.

लाइटमध्ये खूण नाचत असेल तर क्रँक हाताने मागे-पुढे करून रोटर (डिस्ट्रिब्युटरच्या आत फिरणारा भाग) किती उशिरा हलतो ते बघा. जुन्या टायमिंग गिअरवर नायलॉनचे दात असायचे. ते झिजले, चेन सैल झाली, की तुम्ही कितीही लावा, टायमिंग जागेवर राहत नाही.

आणि वायरी. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-८-४-३-६-५-७-२. पाच आणि सात शेजारी शेजारी आहेत आणि पेटतातही लागोपाठ. त्यांच्या वायरी एकमेकींना चिकटून समांतर नेल्या तर पाचचा स्पार्क सातमध्ये अवेळी उडू शकतो. आवाज हुबेहूब नॉकिंगसारखा! वायरी एकमेकींपासून दूर ठेवा, समांतर जात असतील तर एकमेकींवरून आडव्या न्या.

ऑक्टेनच्या आकड्यांत फसणं

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची नॉकिंग टाळण्याची ताकद. अमेरिकेच्या पंपावर ८७ वाचून पुण्याहून गेलेला माणूस दचकतो, आपल्याकडे तर वर्षानुवर्षं ९१ मिळायचं. खरं तर दोन्ही जवळपास सारखंच. ऑक्टेन मोजण्याच्या दोन चाचण्या आहेत, आरओएन आणि जास्त कडक एमओएन. भारतात फक्त आरओएन लिहितात, अमेरिकेत दोन्हींची सरासरी. पण १९७० चं ३०० हॉर्सपॉवरचं ३५०, कॉम्प्रेशन १०.२५:१, हे त्या काळच्या शिसंयुक्त प्रीमियमसाठी बनलं होतं. १९७१ ला जीएमने कॉम्प्रेशन उतरवलं. म्हणून आधी इंजिन कुठल्या वर्षाचं आहे ते ब्लॉकवरच्या शिक्क्यावरून ठरवा. गाडीच्या कागदावरचं वर्ष इंजिनाचं असेलच असं नाही. जुन्या जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनात अमेरिकन पंपावरचं ९१ किंवा ९३ टाका आणि तरीही पिंगिंग राहिलं तर एकूण टायमिंग २-२ अंशांनी उतरवा. १० टक्के इथेनॉलमुळे मिश्रण पातळ होतं (हवेच्या मानाने इंधन कमी पडतं), तेव्हा कार्ब्युरेटरचे जेटही (पेट्रोल मोजून सोडणारी छिद्रं) बघून घ्या.

शेवटी प्लग काढून भिंगाखाली धरा. पांढऱ्या चिनीमातीवर बारीक काळे ठिपके म्हणजे नॉकिंग सुरू आहे, टायमिंग उतरवा. चंदेरी, चमकणारे कण दिसले तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. गाडी तिथेच उभी ठेवा आणि कॉम्प्रेशन तपासल्याशिवाय पुन्हा चालू करू नका.