शोधनिबंधाचा विषय ठरवताना या चुका टाळा

शोधनिबंध फसतो तो बहुतेक वेळा विषय ठरवतानाच. ‘ब्रिटिशकालीन महाराष्ट्रातील साथीचे रोग’ हे शीर्षक भारदस्त वाटते. पण त्यात पटकी, देवी, प्लेग आणि 1918 चा इन्फ्लुएंझा असे सारेच येत असल्यामुळे वीस पानांत कशालाच न्याय मिळत नाही.

यावर उपाय म्हणून विद्यार्थी स्थळ आणि काळ आवळतात आणि ‘1897 चा पुण्यातील प्लेग’ असा विषय घेतात. हे पाऊल योग्य असले तरी तेथेच थांबणे ही दुसरी चूक होय, कारण त्यात अजून प्रश्न नाही. साथरोग कायदा फेब्रुवारी 1897 मध्ये झाला आणि 22 जूनच्या रात्री पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली. या काळात प्लेगचे रुग्ण शोधण्यासाठी होणाऱ्या घरझडतीविषयीच्या तक्रारी ‘केसरी’ आणि ‘ज्ञानप्रकाश’ यांनी कशा मांडल्या आणि त्या मांडणीत फरक कोठे पडला, असे विचारले की काय वाचायचे आणि काय सोडायचे हे आपोआप ठरते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे साधने न पाहता प्रश्न पक्का करणे. त्या महिन्यांचे अंक कोणत्या ग्रंथालयात आहेत, सलग आहेत का, छायाचित्रे घेऊ देतात का, याची चौकशी मार्गदर्शकांकडे आराखडा देण्यापूर्वीच करावी. हाती केवळ वृत्तपत्रे असतील, तर झडतीच्या वेळी घरातील स्त्रियांना काय वाटले हे त्यांतून थेट कळणार नाही, कारण लिहिणारे बहुतांशी पुरुष होते. अशा वेळी स्त्रियांच्या तक्रारी पुरुषांनी कशा नोंदवल्या, असा प्रश्न करणे प्रामाणिकपणाचे ठरते.

निष्कर्ष आधीच ठरवून विषय घेऊ नये. केवळ सरकारी जुलूम सिद्ध करण्यासाठी बसलेल्या अभ्यासकाला, झडतीच्या पद्धतीवर टीका करणाऱ्या टिळकांनीच हिंदू प्लेग रुग्णालय उभारण्यात पुढाकार घेतला, ही गोष्ट अडचणीची वाटते. वास्तविक खरा अभ्यास अशाच ठिकाणी सुरू होतो.

‘शोधगंगा’ या भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात त्याच विषयाचा प्रबंध आढळला म्हणून विषय टाकून देण्याचेही कारण नाही. त्याचे शेवटचे प्रकरण आधी वाचावे. पुढील संशोधनाच्या दिशा तेथे अनेकदा दिलेल्या असतात. शीर्षक मात्र पहिला खर्डा पूर्ण झाल्यावरच कायम करावे.