अंपायरचा निर्णय पटला नाही? मुलांच्या सॉफ्टबॉल सामन्यात पालकांनी या चुका टाळा

मुलांच्या सॉफ्टबॉल सामन्यात अंपायरकडून चुका होतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. वाईट याचं वाटतं, की ज्या चुका जागेवर सुधारता आल्या असत्या त्याही तशाच राहतात. हरकत भलत्याच माणसाने, भलत्याच मुद्द्यावर आणि उशिरा घेतलेली असते. कुंपणापलीकडून ओरडणाऱ्या पालकांमुळे बहुतेक वेळा आपल्याच मुलांच्या संघाचं नुकसान होतं.

नजरेचा निर्णय आणि नियमाची चूक यांत गल्लत करणं

चेंडू स्ट्राइक (बॅटरच्या टप्प्यातला) होता की बॉल (टप्प्याबाहेरचा), रनर (बेसकडे धावणारा खेळाडू) सेफ की आउट, फटका फेअर (रेषांच्या आत) की फाउल (बाहेर), हे अंपायरने पाहून ठरवायचं असतं. अशा निर्णयावर प्रोटेस्ट, म्हणजे अधिकृत हरकत, चालत नाही, चूक कितीही उघड दिसली तरी. प्रोटेस्ट चालतो तो नियम चुकीचा लावला गेला असेल तेव्हा.

एकच प्रसंग घ्या. पहिल्या बेसवर रनर आहे, एकही आउट झालेला नाही आणि तिसरा स्ट्राइक कॅचरच्या (बॅटरमागे चेंडू झेलणाऱ्या खेळाडूच्या) हातून सुटतो. कॅचरने चेंडू जमिनीला लागण्याआधी धरला की नंतर, हा नजरेचा प्रश्न. तिथे वाद घालून काही मिळणार नाही. पण चेंडू सुटला म्हणून अंपायरने बॅटरला पहिल्या बेसवर जाऊ दिलं, तर ती नियमाची चूक आहे. एरवी सुटलेल्या तिसऱ्या स्ट्राइकवर बॅटर पहिल्या बेसकडे धावू शकतो, पण दोन आउट झालेले नसताना पहिला बेस भरलेला असेल, तर बॅटर आउटच. (लहान वयोगटांत काही स्पर्धा हा नियम वेगळा ठेवतात, म्हणून स्पर्धेची नियमावली सामन्याआधी वाचून ठेवा.)

अशी हरकत साधारणपणे पुढचा पिच (पिचर बॅटरकडे टाकतो तो चेंडू) टाकला जाण्याआधी नोंदवावी लागते. डाव तिथेच संपला असेल तर इनफिल्डचे (बेसजवळचे) खेळाडू मैदान सोडण्याआधी, आणि सामन्याचा शेवटचाच प्रसंग असेल तर अंपायर मैदानाबाहेर जाण्याआधी. खेळाडूच्या पात्रतेसारखे थोडे मुद्दे सोडले, तर नंतर काही करता येत नाही.

म्हणजे कोचच्या हाताशी थोडेच क्षण असतात. तेवढ्यात टाइम मागायचा, ज्या अंपायरने निर्णय दिला त्याच्याकडेच चालत जायचं आणि शांतपणे विचारायचं, ‘तुम्ही कोणता नियम लावलात?’ नजर अडली असेल तर सहकारी अंपायरला विचारण्याची विनंतीही करता येते. ती मानायची की नाही हे त्या अंपायरवर. नेमक्या याच वेळी बाकांवरून गलका सुरू झाला, की कोचचं निम्मं लक्ष आपल्याच पालकांना गप्प करण्यात जातं. तेवढ्यात पुढचा पिच पडतो आणि हक्काचा प्रोटेस्ट हातचा जातो.

बाजूला बसून स्ट्राइक झोन ठरवणं

स्ट्राइक झोन म्हणजे चेंडू ज्यातून गेला तर स्ट्राइक ठरतो तो होम प्लेटवरचा टप्पा. बॅटरसमोरची ही प्लेट 17 इंच, म्हणजे सुमारे 43 सेंटिमीटर रुंद असते. बाजूच्या बाकावरून चेंडूच्या उंचीचा थोडाफार अंदाज येतो, पण तो प्लेटवरून गेला की बाहेरून, हे तिथून कळूच शकत नाही. कॅचरच्या मागे जाळीजवळ उभं राहिलं तर नेमकं उलट होतं. त्यात झोन मोजायचा तो चेंडू प्लेटवर असताना, ग्लव्हमध्ये शिरताना नाही. खाली वळणारा चेंडू कॅचरने घोट्याजवळ पकडला तरी तो स्ट्राइक असू शकतो. 40 फुटांवरून ताशी 80 किलोमीटर वेगाने आलेला चेंडू अर्ध्या सेकंदात प्लेटवर पोचतो, आणि मुलांच्या कित्येक सामन्यांत हे सगळं पाहायला एकच अंपायर असतो. प्लेटपासून सुमारे 85 फुटांवरच्या दुसऱ्या बेसवरची चोरी (फटका नसतानाच रनरने पुढचा बेस गाठणं) सुद्धा त्यालाच पाहायची असते.

अंपायर गप्प आहे म्हणजे त्याला दिसलं नाही, असं धरून चालणं

रनरने बेसला पाय न लावता पुढे धाव घेतली, तर अंपायर स्वतःहून काहीच बोलत नाही. क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाने अपील केल्यावरच, म्हणजे ती चूक दाखवून निर्णय मागितल्यावरच, त्याने निर्णय द्यायचा असतो. झेल घेतला जाण्याआधीच रनर बेसवरून निघाला असेल, तिथेही तसंच.

चेंडू हातात नसताना फिल्डरने रनरची वाट अडवली, की अंपायर डावा हात आडवा पसरतो, पण खेळ चालू ठेवतो. रनरला काय द्यायचं ते प्रसंग संपल्यावर ठरतं. ‘अडवलं, अडवलं!’ म्हणून ओरडण्याआधी तो हात पाहा. आणि बेसबॉलचे नियम इथे लावू नका. फास्टपिच (वेगवान चेंडूच्या) सॉफ्टबॉलमध्ये पिचरच्या हातातून चेंडू सुटण्याआधी रनरने बेस सोडला तर तो आउट असतो.

मुलाला दोन कोच देणं

याबद्दल मला सर्वांत जास्त वाटतं. बॅट घेऊन उभी असलेली मुलगी स्ट्राइक ऐकल्याबरोबर आधी आईबाबांच्या चेहऱ्याकडे बघते. तिथे राग दिसला, की पुढच्या चेंडूवर तिचं लक्ष राहत नाही. शिवाय ‘अंपायरने तुला आउट केलं’ हे वाक्य घरी सतत ऐकलं, की उशिरा फिरलेली बॅट सुधारायची गरज तिला वाटेनाशी होते. कुंपणावरून सूचना देऊ नका, नाव घेऊन धीर द्या, तेवढं पुरतं.

मोबाइलमधला व्हिडिओ अंपायरला दाखवणं

मुलांच्या सामन्यांत रिप्लेची सोय सहसा नसते, त्यामुळे त्याने निर्णय बदलत नाही. तो व्हिडिओ कोचला द्या, सरावात उपयोगी पडेल.

बोलायलाच हवं तिथेही गप्प राहणं

विजा चमकत असतील, एखादं मूल दुखावलं असेल, डोक्याला मार लागूनही खेळवलं जात असेल, तर पुढच्या पिचची वाट पाहू नका; लगेच कोचला किंवा आयोजकांना सांगा. अंपायर किंवा कोच मुलांशी अपमानास्पद बोलत असेल, तर त्याच दिवशी सामना, डाव, नेमके शब्द आणि कोणी ऐकले ते लिहून काढा आणि दुसऱ्या दिवशी आयोजकांना लेखी द्या. त्या पत्रात बॉल-स्ट्राइकची एकही तक्रार घालू नका, नाहीतर मूळ मुद्दा बाजूला पडतो आणि हरल्याचा राग म्हणून ते पत्र बाजूला ठेवलं जातं.