घर की पेव? नवाश्मयुगीन खड्डे खणताना शिकलेलं काही

पहिल्या उत्खननाला निघालेली मुलं मला हमखास विचारतात, "ताई, सोबत काय काय घेऊ?" टोपी, पूर्ण बाह्यांचे शर्ट, चांगले बूट, वही, मऊ पेन्सिल, खोडरबर. ही यादी मी सांगतेच. पण त्यांना सगळ्यात आधी सांगावंसं वाटतं ते वेगळंच आहे, आणि ते मला माझ्या पहिल्याच हंगामातल्या एका चुकीनं शिकवलं.

एम.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. भीमेच्या खोऱ्यात एका गावच्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, आमचा कॅम्प होता. ताम्रपाषाणयुगीन वस्ती, म्हणजे तांबं आणि दगड दोन्ही वापरणाऱ्यांची. माझ्या ट्रेंचमध्ये, म्हणजे खणायला आखून दिलेल्या चौकोनात, राखाडी मातीचा एक मोठा गोल डाग उघडा झाला. आत राख, फुटकी खापरं, जनावरांची हाडं. मी वहीत 'कचऱ्याचा खड्डा' असं लिहिलं आणि दोन दिवसांत तो तळापर्यंत उपसून काढला. निघालेलं सगळं एकाच पिशवीत गेलं. तिथे कामाला एक तात्या होते. अर्धं आयुष्य त्यांनी उत्खननांवर घालवलेलं. ते खाली उतरले, तळावरून तळहात फिरवला आणि म्हणाले, "ताई, ही भुई चोपलेली हाय. हितं कुनीतरी वावरलंय."

मी वाकून पाहिलं. तळ सारवल्यासारखा गुळगुळीत होता आणि एका कडेला माती भाजून विटकरी झाली होती. म्हणजे ती आधी बसाउठायची जागा होती, उकिरडा नंतर झाली. पण भुईवर राहिलेली चार खापरं आणि वरून कुणी फेकलेली शेकडो खापरं मी एकत्र केली होती. त्या पिशवीतून ती पुन्हा वेगळी काढायचा कोणताही मार्ग नव्हता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

खड्डा कशासाठी खणला आणि तो कशानं भरला, हे दोन निराळे प्रश्न आहेत. त्यांच्या उत्तरांमध्ये कधी एका हिवाळ्याचं अंतर असतं, तर कधी दोन-तीन पिढ्यांचं. नवाश्मयुगीन, म्हणजे शेतीच्या सुरुवातीच्या काळातल्या, खड्ड्यांवर काम करायचं असेल तर हा फरक हातात मुरला पाहिजे.

भारतात या विषयाचं सर्वांत ठळक ठिकाण म्हणजे काश्मीरमधलं बुर्झाहोम. श्रीनगरच्या ईशान्येला साधारण 16 किलोमीटरवर, एका करेव्यावर, म्हणजे जुन्या सरोवराच्या गाळानं बनलेल्या सपाट पठारावर ही वस्ती होती. 1935 मध्ये डी टेरा आणि पॅटरसन या संशोधकांनी तिथे छोटी चाचणी घेतली. पुढे 1960 ते 1971 या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं टी. एन. खझांची यांच्या नेतृत्वाखाली मोठं उत्खनन केलं. सर्वांत खालच्या थरात, इ.स.पू. 3000च्या आसपासचे, करेव्याच्या मातीत खणलेले गोल आणि लांबट गोल खड्डे मिळाले. त्यांतल्या सर्वांत मोठ्याचं तोंड 2.74 मीटर, तळ 4.57 मीटर आणि खोली 3.95 मीटर. दगडी हत्यारांनी खणल्याच्या खुणा भिंतींवर अजून होत्या, आणि भिंतींना मातीचा गिलावा केलेला होता. काही खड्ड्यांना वरून उतरायला पायऱ्या, तोंडाभोवती खांब रोवल्याचे खळगे, आत राख आणि कोळसा. भूर्जाचे जळके अवशेषही मिळाले. छप्पर भूर्जाच्या सालींचं असावं, आणि गावाच्या नावातला 'बुर्झ' म्हणजेही भूर्जच. म्हणून ही गर्तगृहं, म्हणजे जमिनीत खणलेली, काश्मीरच्या हिवाळ्यातली उबदार घरं, असं ठरलं. आपण सगळे तेच शिकलो.

पण तोंड अरुंद आणि पोट रुंद हा आकार मराठी माणसानं कुठे पाहिलेला असतो? माझी आजी कृष्णाकाठची. तिच्या लहानपणी वाड्याच्या अंगणात धान्याचं पेव होतं, म्हणजे साठवणीसाठी जमिनीत खणलेला, तोंड बंद करता येणारा खड्डा. सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवं होती, 2005च्या पुरात त्यांतली बरीच गेली. आजी सांगायची, पेव उघडलं की लगेच आत कुणी उतरायचं नाही. आधी हवा खेळू द्यायची, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर अजून थांबायचं. बंद पेवात धान्य श्वास घेतं, प्राणवायू संपतो, कर्बवायू साठतो, आणि त्यामुळेच कीड मरून धान्य टिकतं.

1990च्या दशकात दोन ब्रिटिश पुरातत्त्वज्ञांनी काश्मीर आणि स्वातच्या खोऱ्यातल्या खड्ड्यांबद्दल नेमका हाच मुद्दा मांडला: ही घरं नसून धान्याची कोठारं असावीत. अरुंद तोंड बंद करायला सोपं, पण अशा खोल खड्ड्यात शेकोटी पेटवून माणसं राहणार कशी? ते वाचलं तेव्हा मला आजीचा कंदील आठवला. तरीही मला ते उत्तर सरसकट पटत नाही. कोठाराला पायऱ्या कशाला लागतील? आणि त्रालजवळच्या गुफक्रालला ए. के. शर्मा यांनी 1981 पासून जे उत्खनन केलं, तिथे सर्वांत जुन्या, मातीची भांडी वापरात येण्याआधीच्या थरातले खड्डे उथळ आहेत आणि त्यांच्या तळाला तांबडा गेरू दिलेला आहे. धान्य ओतायच्या जागेला कुणी गेरू देत नाही. माझ्या मते काही खड्डे घरं होती, काही पेवं, आणि शेवटी बहुतेक सगळे उकिरडे झाले. कुठला कोण, हे एकेका खड्ड्याच्या आतल्या मातीनंच ठरवायचं.

ती माती कशी वाचायची? सगळ्यात अवघड काम कड सापडणं. भर दुपारी ती दिसत नाही. सकाळी ऊन तिरपं असताना ट्रेंचचा तळ ट्रॉवेलनं साफ खरवडा, हलकं पाणी शिंपडा आणि वाळताना बघत बसा. राखट भराव आणि मूळ माती सारख्या वेगानं वाळत नाहीत. दहा मिनिटं एक रेघ उमटते आणि जाते. ती दिसली की लगेच खिळे रोवून दोरी लावा, फोटो नंतर. ट्रॉवेलचा आवाजही ऐका: भुसभुशीत भरावात तो बसका येतो, घट्ट मातीला लागला की करकरतो.

मग खड्डा मधोमध विभागायचा आणि अर्धाच खणायचा. उभ्या छेदात त्याचं सगळं चरित्र दिसतं. तळाशी कडेकडेनं मूळ मातीचीच ढेकळं असतील तर भिंती ढासळल्यात, म्हणजे खड्डा काही काळ उघडा पडून होता. पातळ, एकावर एक बसलेले गाळाचे पापुद्रे म्हणजे पावसाचं पाणी आत यायचं. राखेचे उतरते पट्टे कुठून झुकलेत पाहिलं की कचरा कोणत्या बाजूनं फेकला ते कळतं. छेद कागदावर उतरवूनच उरलेला अर्धा भाग थराथरानं काढायचा, प्रत्येक थराची पिशवी वेगळी, चिठ्ठी आत एक आणि बाहेर एक. पॉटरी यार्डात खापरं जुळवताना वरच्या थरातला तुकडा तळातल्या तुकड्याला बसला, तर बहुधा भराव एका दमात झालाय. कंटाळवाणं वाटेल, पण माझ्या लेखी हे उत्खननातलं सर्वांत आनंदाचं काम आहे.

काही वर्षांनी मला काश्मीर खोऱ्यात एका करेव्यावर काम करायला मिळालं. तिथली माती आपल्या काळ्या मातीसारखी भेगाळत नाही. पिवळसर, पिठासारखी बारीक, पण उभी कापली की भिंतीसारखी उभी राहते. मला दिलेला खड्डा तोंडाशी मीटरभर रुंद होता. वरचे तीन थर निव्वळ उकिरडा: मेंढ्या-बकऱ्यांची फोडलेली हाडं, राख, हातानं घडवलेल्या करड्या, जाडसर भांड्यांची खापरं. त्यांतला एक बुडाचा तुकडा मी पालथा केला. त्यावर चटईचा ठसा होता. ओलं भांडं चटईवर ठेवून घडवलेलं. विणीचा एकेक धागा मोजता येत होता, आणि एका जागी विणणाऱ्याचा धागा चुकलेलाही दिसत होता. बराच वेळ मी तो तुकडा हातात धरून बसले होते.

या वेळी तळाच्या वर हातभर असताना थांबले. खालची माती वेगळी काढून 20 लिटरच्या पिशव्या भरल्या आणि फ्लोटेशनला दिल्या. पाण्याच्या पिंपात माती ढवळली की जळके दाणे वर तरंगतात, ते 300 मायक्रॉनच्या जाळीवर धरायचे. वरच्या थरांतून जवळजवळ काहीच आलं नव्हतं. तळातून जव आले, गहू आले आणि काळे कुळकुळीत, आजच्या मसुरीपेक्षा लहान मसुरीचे दाणे आले. कालमापनाला आम्ही तेच पाठवले. लाकडाचा कोळसा जुन्या झाडाचा असू शकतो, दाणा मात्र एका हंगामाचा असतो. तळ चोपलेला नव्हता, भाजलेला नव्हता. मी वहीत लिहिलं, 'साठवणीचा खड्डा, नंतर उकिरडा', आणि दोन्हींच्या पिशव्यांचे क्रमांक वेगवेगळे टाकले.

शिक्षणाचं विचाराल तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचं एम.ए. आहे, आणि पुरातत्त्व सर्वेक्षणाची ग्रेटर नोएडाची संस्था दोन वर्षांची पदव्युत्तर पदविका देते. जिथे जाल तिथे 1968 ते 1983 दरम्यान खणलेल्या घोड नदीकाठच्या इनामगावचे आराखडे जरूर बघा. गोल झोपड्या, चौकोनी घरं आणि साठवणीचे खड्डे एकाच गावात कसे ओळखायचे, याचा तो उत्तम धडा आहे. नोकऱ्या कमी आहेत, हंगामी काम जास्त. हे घरी आधीच नीट बोलून घ्या. आणि चित्र काढायला शिका. ज्याला छेद काढता येतो, त्याला पुढच्या हंगामाला बोलावतात.

त्या काश्मीरच्या ट्रेंचमध्ये शेजारी आणखी एक खड्डा उघडा झाला होता. त्याच्या तोंडाभोवती तीन खळगे होते, खांबांचे असावेत. वेळ संपला होता, बर्फाचे दिवस जवळ आले होते. आम्ही त्याची कड आखली, मोजमाप घेतलं, वर प्लास्टिक अंथरलं आणि मऊ माती टाकून तो न खणताच बुजवला.